दौलताबादच्या गाडीचं इंजिन

वेरूळची लेणी पाहायला रेल्वेने येणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या दौलताबादला उतरत आला. तिथून पुढे आधी टांगा किंवा बैलगाडी, नंतर मोटार. हा मार्ग बांधला गेला तो ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ अशा भारदस्त नावाने. रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. १८९९ ते १९०१ या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत गाडी थेट सिकंदराबादला जाऊ लागली. चालवणारी कंपनी निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. १९३० मध्ये निजाम सरकारने ती आपल्याकडे घेतली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा हा मार्ग तिच्याकडे गेला. पुढे १९९० च्या दशकात इथले मीटरगेज रूळ उखडून ब्रॉडगेज टाकले गेले. वाफेचं इंजिन तर त्याच सुमारास देशभरातूनच निवृत्त होत होतं.

आता समजा, वेरूळजवळच्या एखाद्या हौशी माणसाला ही गाडी घरात हवी आहे. पोतूल सोडून दौलताबादकडे येणारी, काळी, कोळशाने माखलेली, मागे लाल-तपकिरी डबे असलेली. पैसे आहेत, वेळ आहे, हातात कसब आहे. दुकानात मात्र ते इंजिन मिळत नाही. जर्मनीचं मिळतं, स्वित्झर्लंडचं मिळतं, इंग्लंड-अमेरिकेचं तर शेकड्यांनी मिळतं. मग एकच मार्ग उरतो. परक्या देशाचं, पण अंगाबांध्याने जवळचं मॉडेल घ्यायचं, ते खोलायचं आणि कापून, जोडून, डाखून त्याला आपल्या मुलखाचं करायचं. जगभरच्या मॉडेल रेल्वेवाल्यांचा हा जुना उद्योग. आपल्याकडे तो थोडा झाला आहे आणि त्याबद्दल लिहिलं गेलंय त्याहूनही थोडं.

पहिला झगडा गेजशी. मॉडेलच्या जगात सर्वांत रुळलेलं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद, आणि ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजसाठी ठरलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७ मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे बाजारातल्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचं इंजिन ठेवलं की ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेक हौशी लोक हे चालवून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण मराठवाड्याचं नशीब इथे चांगलं निघालं. बागेत मांडायच्या मोठ्या मॉडेलगाड्यांचे रूळ ४५ मिलिमीटरचे आणि प्रमाण १:२२.५. हजार मिलिमीटरला साडेबावीसने भागा, उत्तर ४४.४ येतं. मीटरगेज जवळजवळ जसंच्या तसं बसतं. एचओमध्येही १२ मिलिमीटरचे मीटरगेज रूळ मिळतात, कारण स्वित्झर्लंडची ऱ्हेटियन रेल्वे मीटरगेज आहे आणि तिथल्या लोकांनी आपल्या गाडीचं कोडकौतुक मनापासून केलं आहे. आल्प्ससाठी बनलेले रूळ बालाघाटाच्या पायथ्याला चालतात!

रूळ ठरले की इंजिन. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या मीटरगेजवर दोन वर्गांची इंजिनं सर्वदूर पसरली: प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी. वायपी आठशेहून जास्त बनली, वायजी हजाराहून जास्त. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने यांतली पुष्कळ घडवली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ मध्ये बाहेर पडलेलं शेवटचं वाफेचं इंजिनही वायजीच होतं. वायपीच्या चाकांची मांडणी ४-६-२, म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन. मोठ्या चाकांचा व्यास १३७२ मिलिमीटर. काचीगुडा–मनमाड धावणारी मीटरगेजची अजंता एक्स्प्रेस आठवणारे लोक अजून आहेत. तिचं चित्र काढायला सांगितलं तर त्यातले निम्मे इंजिनाला पुढे बंदुकीच्या गोळीसारखं गोल नाक काढतील. ते नाक ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी इंजिनाचं. कॅलेंडरांनी आणि सिनेमांनी ते प्रत्येक भारतीय इंजिनाला चिकटवून टाकलं. वायपीचं तोंड साधं, सपाट, दार लावलेल्या पिंपासारखं.

मूळ मॉडेल निवडताना बाजारात नावं पाहायची नाहीत, मापं पाहायची. चाकांची संख्या, चाकांचा व्यास आणि आसांमधलं अंतर या तीन गोष्टी बदलणं सर्वांत अवघड, म्हणून त्या आधीच जुळायला हव्यात. बॉयलर, केबिन, धुराडं हे सगळं वरचं काम, ते नव्याने करता येतं. वायपीची मोठी चाकं १:८७ मध्ये पावणेसोळा मिलिमीटरची होतात. टीटी नावाचं एक लहान माप आहे, १:१२०, आणि त्याचे रूळही १२ मिलिमीटरचेच. जर्मनीच्या ०१ वर्गाच्या एक्स्प्रेस इंजिनाची मांडणी ४-६-२ आणि मोठी चाकं २ मीटरची. १:१२० मध्ये ती १६.७ मिलिमीटर होतात. अशा इंजिनाचं टीटी मॉडेल हाती लागलं, तर त्याचा सांगाडा जर्मन प्रमाण गेजचा असूनही एचओतल्या मीटरगेज वायपीखाली घालता येईल. फरक चाकामागे एक मिलिमीटरहून कमी. आसांमधलं अंतर मात्र नकाशाशी ताडून पाहायलाच हवं, तिथे अंदाज चालत नाही. अशी गणितं जुळली की होणारा आनंद, खरं सांगायचं तर, गाडी धावताना होणाऱ्या आनंदापेक्षा जास्त असतो.

वरच्या कामात पितळी पत्रा, प्लास्टिकची शीट, डाख आणि कानस हे जुने सोबती आहेत. आता त्रिमितीय छपाईचं यंत्रही आलं आहे. धुराडं, वाफेचा घुमट, हेडलाइट असे गोल आणि किचकट भाग त्यावर छापून घेता येतात. रिव्हेट अजूनही मागून सुई दाबून उठवावे लागतात आणि मोजूनच उठवावे लागतात. बफरांचा बदल तर सक्तीचा. युरोपच्या मोठ्या गाड्यांना दोन बाजूंना दोन बफर असतात, आपल्या मीटरगेजला मध्ये एकच बफर आणि त्यातच कपलिंग. हा एक बदल राहिला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात, कारण जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. पुढे गुरांना बाजूला सारणारी जाळी, छपराखाली हवा खेळावी म्हणून मोकळी ठेवलेली केबिन, इंजिनामागच्या कोळशाच्या गाड्यावर, म्हणजे टेंडरवर, कोळसा जास्त मावावा म्हणून वाढवलेल्या फळ्या.

काही गोष्टी लहान होत नाहीत, हेही समजून घ्यावं. लांबी साडेबावीस पटींनी घटते तेव्हा वजन साधारण अकरा हजार पटींनी घटतं. इंजिन आणि टेंडर मिळून शंभर टन धरले तर मॉडेल नऊ किलोच्याही आत येतं. बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा होतो. वाफ मात्र तीच राहते, तिचा दाबही थट्टेचा नसतो. म्हणून खरी वाफ करणाऱ्या मॉडेलचा बॉयलर जरा जाडच ठेवावा लागतो, आणि त्याला कधीही छिद्र पाडू नये की डाख लावू नये. बदल करायचे ते त्यावरच्या आवरणात.

इथवरचं सगळं हस्तकौशल्य. खरी मेख पुढे आहे. ‘वायपीचं मॉडेल’ अशी वस्तू असूच शकत नाही. मॉडेल असतं एका क्रमांकाच्या, एका शेडच्या, एका वर्षातल्या इंजिनाचं. इंजिन कारखान्यातून निघालं तसं कधीच राहत नाही. दुरुस्तीला गेलं की दुसऱ्याचा बॉयलर घेऊन परत येतं. तेलाचे दिवे जाऊन विजेचे येतात. १९५७ मध्ये देशभर इंजिनांना नवे क्रमांक मिळाले, त्यामुळे १९५५ च्या गाडीवर नंतरचा क्रमांक घातला की सगळं खोटं. दक्षिण मध्य रेल्वेचं नाव टेंडरवर रंगवलं तर देखावा १९६६ च्या आधीचा असता कामा नये. निजामाच्या काळातलं इंजिन करायचं तर आणखी जपून. दुसऱ्या महायुद्धात भारतातली कितीतरी मीटरगेज इंजिनं इराकच्या बाजूला पाठवली गेली, म्हणजे १९३९ ला शेडमध्ये असलेलं इंजिन १९४३ मध्ये तिथे असेलच असं नाही. ह्यू ह्यूज या अभ्यासकाने भारतीय इंजिनांच्या याद्या चार भागांत छापल्या आहेत, त्यांतला दुसरा भाग मीटरगेजचा. वर्ग, कारखाना, बांधणीचं साल तिथे सापडतं. धुराड्याची कड कशी होती, ते सापडत नाही.

महाराष्ट्रातल्या इतर छोट्या गाड्यांकडे पाहिलं तर हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत दिसतो. माथेरानची गाडी १९०७ ची. तिची पहिली चार इंजिनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. तीव्र वळणांसाठी त्यांच्या पुढच्या-मागच्या आसांना क्लीन-लिंडनर पद्धतीची पोकळ रचना होती, त्यामुळे चाकं वळणाप्रमाणे बाजूला सरकत. दोन फुटी गेज १:१९ प्रमाणात ३२ मिलिमीटरच्या रुळांवर नेमकं बसतं. पण ती पोकळ आसाची गंमत मॉडेलमध्ये करणारा कारागीर विरळा. बहुतेक जण चाकांना थोडी ढिलाई देऊन मोकळे होतात. सोपी वाट हवी असेल तर डोंकास्टरची राउंडहाउस कंपनी दार्जिलिंगच्या बी वर्गाचं खऱ्या वाफेवर चालणारं मॉडेल बनवते, आणि त्या वर्गाचं ७९४ क्रमांकाचं इंजिन एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून माथेरानच्या पायथ्याच्या नेरळला आलं. म्हणजे माथेरानच्या डोंगरात दार्जिलिंगचं इंजिन दाखवलं तरी ते खोटं ठरत नाही, फक्त क्रमांक आणि काळ बरोबर हवा.

बार्शी लाइटची कथा याहून रंगतदार. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये अडीच फुटी गेजवर ती सुरू केली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ जोडचाकांची टाकीवाली इंजिनं बनवली. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेला त्याच किटसनने दोन इंजिनं दिली, तिथेही अभियंता कॅलथ्रॉपच आणि एका इंजिनाला नावही त्याचंच. त्या इंग्रजी दरीतल्या इंजिनांना उष्ण देशाला शोभेल अशी केबिन आणि भलामोठा हेडलाइट होता, सगळा बार्शीचा संस्कार. मॅनिफोल्डच्या इंजिनांवर इंग्लंडात भरपूर लिहिलं-मोजलं गेलं. त्यांचा मार्ग मुळात तीस वर्षंच चालला, १९३४ पर्यंत. पंढरीच्या वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या बार्शी लाइटची मराठीत तितकी मोजदाद झालेली नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि रागही येतो.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी लघुरेल्वेचं संग्रहालय खुलं केलं. रुळांची गुंतागुंत, सिग्नल, गाव, रात्रीचे दिवे, सगळं चालतं-बोलतं. शेकडो मराठी मुलांना ही हौस तिथे लागली. त्याचा भर गाड्यांच्या संचालनावर आणि देखाव्यावर, आणि ते काम त्याने उत्तम केलं. एखाद्या विशिष्ट भारतीय इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती ही पुढची पायरी आहे. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात निदान मोजपट्टी लावायला खरं लोखंड आहे. शकुंतला रेल्वेवर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलेल्या वाफेच्या इंजिनाला पाहिलेले लोक यवतमाळ-अचलपूरकडे आजही भेटतात. देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीच्या, १८५३ च्या, साहिब, सिंध, सुलतान या इंजिनांचं मात्र काहीच उरलेलं नाही. त्यांची बाजारात फिरणारी चित्रं जपूनच घ्यावीत.

मोजण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असं कुणी म्हणू नये. वेरूळचीच गोष्ट. १७९० च्या दशकात पुण्यातला चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी या लेण्यांत राबला, आणि त्याने केलेली रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कॅमेरा येण्याआधी पन्नासेक वर्षं एक मराठी माणूस कैलास लेण्यासमोर कागद घेऊन बसला होता. त्याच लेण्यांकडे माणसं आणणाऱ्या इंजिनासमोर असं कुणी बसलं नाही. आता ते इंजिनही नाही.

स्थानकांबाहेर चौथऱ्यावर उभी असलेली इंजिनं आहेत, पण त्यांच्याकडेही डोळे मिटून पाहू नये. दर काही वर्षांनी त्यांना भडक रंग लागतो, चाकांना लाल, कड्यांना पिवळा, आणि चोरीला गेलेल्या दाबमापकांच्या व दिव्यांच्या जागी काहीतरी बसवलं जातं. मापं घ्यायला ती उत्तम. रंगासाठी मात्र त्यांचा पुरावा धरू नये. रंग, काजळी, धुराड्यावर ड्रायव्हरने हौसेने काढलेला तारा, हे सगळं जुन्या छायाचित्रांतच मिळेल.

आणि ती छायाचित्रं घरोघर आहेत. मनमाड, पूर्णा, औरंगाबाद, कुर्डुवाडी, मूर्तिजापूर इथे ज्यांचे वडील-आजोबा ड्रायव्हर, फायरमन, फिटर, गार्ड होते, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत अल्बम फेकू नयेत. निवृत्तीच्या दिवशी हार घालून इंजिनासमोर काढलेला फोटो सगळ्यांत मोलाचा, कारण त्यावर तारीख असते. फोटोच्या मागे पेन्सिलीने गाव, वर्ष आणि माणसांची नावं लिहून ठेवा. मागच्या इंजिनाचा क्रमांक वाचता येत असेल, तर तोही लिहा.