घरबसल्या पदवी, पण घर कोणते?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिललाच परततात. सोबत गेलेल्या पोरा-पोरींचे कॉलेज सुटते. ७५ टक्के हजेरीची अट आणि उसाचा फड यांचा मेळ बसायचा कसा?

म्हणूनच ऑनलाईन पदवीचे आम्ही स्वागत करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी ऑनलाईन अभ्यासक्रमाला प्रदेशाची हद्द ठेवलेली नाही. धारूरची मुलगी दिल्लीच्या विद्यापीठात नाव घालू शकते. मान्यताप्राप्त संस्थेची ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. बारावी राहिली असेल तर मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

मग अडते कुठे? प्रवेशाच्या दारात न विचारलेला प्रश्न शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारला जातो : तुम्ही कुठले? रहिवासी दाखला आणा, जातीचा दाखला आणा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवा. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. जुने महसुली दप्तर उर्दूत. ज्या आजाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याच शाळेचा उतारा आज नातवाकडे मागितला जातो! आणि नातू तेव्हा दीडशे कोसांवर फडात असतो.

दुसरी अडचण अशी. स्वाधार योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घर सोडून शहरात शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. ती हवीच. पण कोपीत बसून मोबाईलवर शिकणाऱ्याने कोणते शहर दाखवायचे? त्याला खोलीभाडे नको, पण इंटरनेटचा, पुस्तकांचा आणि परीक्षेला जाण्याचा खर्च कुणी द्यायचा?

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या पोटाची वेळ पाहून त्यांनी कॉलेजची वेळ ठरवली. आजच्या सरकारला हे का सुचू नये?

आमची मागणी साधी आहे. टोळ्या निघण्याआधी तालुक्या-तालुक्यात दाखल्यांची शिबिरे घ्या. उर्दू दप्तर वाचणारा माणूस तहसिलीत बसवा. ऑनलाईन शिकणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना स्वतंत्र भत्ता द्या.

आणि बांधवांनो, थोडे आपणही करू या. फी भरण्यापूर्वी विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या मान्य यादीत आहे का, हे पाहा. एजंटाच्या शब्दावर पैसे देऊ नका. आपल्या विहारात एक टेबल, एक संगणक, एक इंटरनेट जोडणी ठेवा. ज्याला घर दाखवता येत नाही, त्याला बसायला जागा तरी आपली असू द्या.

जयभीम!