भिंतीबाहेरची खिडकी

खिडकीसाठी संस्कृतात गवाक्ष आणि वातायन असे दोन अर्थपूर्ण शब्द आहेत. गवाक्ष म्हणजे गाईच्या डोळ्यासारखे आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. एका शब्दात दृष्टी आहे, तर दुसऱ्यात वारा. भिंतीच्या पुढे काढलेली खिडकी या दोन्ही गोष्टी सपाट खिडकीपेक्षा अधिक देते. म्हणूनच जुन्या घराची दुरुस्ती निघाली की अशी खिडकी आपल्याकडेही असावी, असे पुष्कळांना वाटते. परंतु ती कोणत्या प्रकारची असावी, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. त्यात ऊन, पाऊस, भिंतीची ताकद आणि प्रसंगी माणसांचा जीवही गुंतलेला असतो.

समजा, इंदूरच्या जुन्या वस्तीत जाड विटांच्या भिंतींचे एक दुमजली, कौलारू घर आहे. पूर्वेला अरुंद गल्ली आणि पश्चिमेला परसू. घरातील वृद्ध आईला गुडघेदुखीमुळे जिना उतरवत नाही. वरच्या खोलीत बसल्या बसल्या तिला गल्लीतील ये-जा दिसावी, भाजीवाल्याला हाक मारता यावी, एवढ्यासाठी मुलांना खिडकी पुढे काढायची आहे. त्यांच्यासमोर चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय झरोक्याचा. इंदूरच्या होळकरांच्या सातमजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. दर्शनी बाजूस सज्जे आणि झरोके आहेत. जयपूरच्या हवामहालात तर 953 लहान-मोठे झरोके आहेत. सवाई प्रतापसिंहांनी तो 1799 साली बांधविला. राजघराण्यातील स्त्रियांना पडद्याआडून रस्ता पाहता यावा, हा त्यामागचा हेतू. झरोक्याला छोटे छत असते, जाळीमुळे ऊन गाळून आत येते आणि त्याचा भार खालचे दगडी किंवा लाकडी हस्त पेलतात. मात्र असे कोरीव काम करणारे कारागीर आता सहज मिळत नाहीत आणि खर्चही मोठा असतो.

दुसरा प्रकार ‘बे विंडो’. तिला तीन बाजू असतात. मधली भिंतीला समांतर, तर दोन्ही कडेच्या तिरप्या असतात. तिसरा प्रकार ‘बो विंडो’. तिच्यात चार-पाच किंवा अधिक समान तावदाने कमानीसारख्या वळणात बसवितात. बो विंडो दिसायला डौलदार खरी. पण जितकी तावदाने अधिक तितके सांधे अधिक, आणि पावसाळ्यात पाणी शिरते ते सांध्यांतूनच. शिवाय ती पुढे कमी येते, त्यामुळे आत बसायला जागा थोडी मिळते. आईच्या आसनासाठी तीनबाजू खिडकीच अधिक सोयीची. अरुंद गल्लीत तिचा आणखी एक लाभ आहे. गल्लीतला वारा भिंतीला समांतर वाहतो आणि सपाट खिडकीला तो चाटून जातो. कडेची झडप उघडी असेल, तर तोच वारा खोलीत वळतो. झरोक्यांच्या गारव्याचे एक कारण हेही आहे.

चौथा प्रकार मुंबईच्या इमारतींत सर्रास दिसणारी लोखंडी पेटी-जाळी. कुंड्या, वाळत घातलेले कपडे, जुनी भांडी असा सगळा संसार तिच्यात लोंबकळत असतो. ती स्वस्त असते, एवढेच तिच्याविषयी चांगले सांगता येईल. तिला उघडणारे दार ठेवले नाही, तर आग लागल्यावर आतील माणसे कोंडली जातात आणि अग्निशामक दलालाही आत शिरता येत नाही.

प्रकार ठरला तरी दिशेचा विचार उरतोच. दक्षिणेचे उन्हाळी ऊन उंचावरून येते आणि साध्या छज्जानेही अडते. पश्चिमेचे ऊन मात्र कललेले असते. ते छज्जाखालून थेट आत येते. म्हणून परसूकडे काचेची पुढे आलेली खिडकी केली, तर वैशाखात खोलीची भट्टी होईल. तिकडे सपाट खिडकी आणि लाकडी झडपाच बऱ्या.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भाराचा. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 15 किलो भरते. त्यात चौकट, आसन आणि बसणारी माणसे मिळवावी लागतात. भिंतीतून पुढे काढलेल्या लादीची लांबी दुप्पट केली, तर सारखा पसरलेला भार तिच्या मुळाशी चौपट वाकवणारा जोर आणतो. हा जोर तोलण्यासाठी लादीचे मागचे टोक भिंतीत दडपलेले असावे लागते. वर आणखी एक मजला असेल, तर त्याचे वजन ते दडपून धरते. या घरात मात्र वर फक्त कौले आहेत. दडपायला वजनच नाही! अशा ठिकाणी खालून भिंतीवर टेकणारे भक्कम हस्त देणे किंवा खिडकी कमी पुढे काढणे हाच उपाय. काँक्रीटची लादी घालायचीच असेल, तर तिच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला हव्यात, कारण पुढे आलेली लादी वरून ताणली जाते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या सळ्या खाली दबल्या, तर वरून धडधाकट दिसणारी लादी पुढे कोसळू शकते. बांधकाम अभियंत्याला भिंत दाखविल्यावाचून हे काम हाती घेऊ नये.

परवानगीचेही पाहावे लागते. खिडकीचा पुढे आलेला भाग सार्वजनिक रस्त्यावर येत असेल, तर ते अतिक्रमण ठरू शकते. नियम शहराशहरांत वेगळे असतात आणि बदलतातही. मुंबईत पूर्वी खिडकीलगतचे फुलझाडांचे कठडे चटईक्षेत्रात मोजले जात नसत. 2012 च्या दुरुस्तीनंतर ते मोजले जाऊ लागले. या घरापुढे मात्र स्वतःच्या हद्दीत अडीच फुटांचा ओटा आहे. तेव्हा नगरपालिकेची मंजुरी घेऊन दीड फूट पुढे येणारी तीनबाजू खिडकी, खाली सागवानी हस्त आणि वर उतरते छप्पर, अशी रचना येथे बसू शकेल. खिडकीच्या तळाला बाहेरून खाच ठेवली, म्हणजे पावसाचे पाणी मागे ओघळून भिंतीत न मुरता थेंबाथेंबाने ओट्यावर पडेल. आईचे आसन जमिनीपासून दीड फूट उंच असावे. त्याहून खाली बसले की गुडघ्यांना उठणे जड जाते. मात्र त्याच आसनावर उद्या एखादे नातवंड उभे राहील, म्हणून झडपांच्या आत छातीपर्यंत गज हवेतच.