सज्जात उभे राहून गाणारा गायक : यान क्येपुरा

ऑपेरागृहाचे तिकीट प्रत्येकाच्या खिशाला परवडतेच असे नाही. ज्यांना आत प्रवेश मिळत नसे, त्यांच्यासाठी हॉटेलच्या सज्जात किंवा मोटारीच्या टपावर उभे राहून गाणारा एक थोर गायक पोलंडमध्ये होऊन गेला. आमच्या वाचकांपैकी अनेकांना नाट्यसंगीताची गोडी आहे. त्यांना यान क्येपुरा यांचा परिचय करून द्यावा, या हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

क्येपुरा यांचा जन्म १६ मे १९०२ रोजी दक्षिण पोलंडमधील सोस्नोव्येत्स या औद्योगिक शहरी झाला. वडील बेकरीवाले होते. आई यहुदी कुळातील असून स्वतः गायिका होती. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा. त्यानुसार त्यांनी वॉर्सा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास आरंभिला, परंतु मन गाण्यात गुंतले होते. वॉर्साच्या ऑपेरात त्यांना ‘हाल्का’ या पोलिश ऑपेरात अगदी लहानशी भूमिका मिळाली. तीतील एकच उंच स्वर त्यांनी इतका लांबविला की संचालकांनी संतापून त्यांना काढून टाकले, अशी आख्यायिका सांगतात.

आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद व पदे दोन्ही असतात; ऑपेरात बहुधा सारेच गायिले जाते, आणि तेही ध्वनिक्षेपकावाचून, पूर्ण वाद्यवृंदावर मात करून. क्येपुरा यांचा आवाज टेनर, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीचा, होता. १९२६ साली व्हिएन्ना येथे ‘तोस्का’मध्ये विख्यात गायिका मारिया येरित्सा यांच्यासमवेत ते गायिले आणि एका रात्रीत नावारूपास आले. त्याच वर्षी पुच्चिनींच्या ‘तुरांदोत’मधील नायकाची भूमिकाही त्यांनी तेथे केली. पुढे बोलपट आले. त्यांच्या जर्मन बोलपटांनी त्यांचे नाव घरोघर नेले. १९३४ च्या एका बोलपटात त्यांची नायिका हंगेरीची गायिका मार्ता एगर्त होती. १९३६ साली कातोवित्से येथे उभयतांचा विवाह झाला.

मिळालेल्या पैशातून क्येपुरा यांनी क्रिनीत्सा या डोंगराळ आरोग्यस्थानी एक आलिशान वास्तू उभारली. तिचे नाव त्यांनी ‘पात्रिया’ ठेवले. लॅटिन भाषेत याचा अर्थ स्वदेश.

परंतु काळ फिरला होता. नाझी कायदा गायकाचा गळा पाहत नव्हता, त्याच्या आईचे कुळ पाहत होता. मार्ता यांच्या आईचे कुळही यहुदीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये क्येपुरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘ला बोएम’मधून प्रथम रंगमंचावर आले, आणि पुढल्याच महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्या व्हिएन्नाने त्यांना कीर्ती दिली होती, तिची दारे बंद झाली. १९३९ साली पोलंडही पडला. युद्धानंतर ‘पात्रिया’ सरकारच्या ताब्यात गेली.

अमेरिकेत या दांपत्याने नव्याने संसार मांडला. १९४३ साली ब्रॉडवेवर त्यांनी लेहार यांची ‘द मेरी विडो’ ही ऑपेरेटा सादर केली. ऑपेरेटात संवाद व गाणी दोन्ही असल्याने ती आपल्या संगीत नाटकाच्या अधिक जवळची. या नाटकाचे तेथे ३०० हून अधिक प्रयोग झाले, आणि पुढे अनेक देशांत, अनेक भाषांत दोघांनी ते गाजविले. युद्धकाळात पोलंडच्या साहाय्यार्थही क्येपुरा गायिले.

१९५८ साली ते पुन्हा पोलंडमध्ये गेले, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. वीस वर्षांच्या वियोगानेही श्रोत्यांना त्यांचा विसर पडला नव्हता. १५ ऑगस्ट १९६६ रोजी न्यूयॉर्कनजीक त्यांचे निधन झाले. मात्र देह वॉर्साच्या पोवोंस्की दफनभूमीत विसावला. पुढल्याच वर्षी क्रिनीत्सात त्यांच्या स्मरणार्थ संगीतमहोत्सव सुरू झाला. मार्ता यांनी वयाच्या १०१ व्या वर्षी, २०१३ साली, जगाचा निरोप घेतला.

एक देश सोडून दुसऱ्या देशी घर मांडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सामान बांधताना काय न्यावे व काय ठेवावे, हा प्रश्न आम्हा सर्वांपुढे कधी ना कधी उभा राहिला आहे. क्येपुरा यांची वास्तू मागे राहिली. गाणे मात्र त्यांच्याबरोबर गेले, आणि परतलेही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. रसिक वाचकांनी एखाद्या सायंकाळी त्या अवश्य ऐकाव्यात.