कपलिंगवरची रेघ

संपादकांनी मला नगरला धाडलं ते एमआयडीसीवर लेख आणायला. इतिहास हाताशी होताच. 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली आणि नगरचं नाव देशभरातल्या गल्लीबोळांत पोचलं. पुढे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं नागापूरच्या एमआयडीसीत दाटीनं उभी राहिली. हे सगळं लिहायचंच होतं, पण अशाच एका वर्कशॉपमध्ये पाहिलेला अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा काही केल्या डोक्यातून जाईना.

लाकडी दरवाज्यांवर नक्षी कोरणारं एक राउटर मशीन तिथे दुरुस्तीला आलं होतं. शेजारी त्यावर बिघडलेला दरवाजा टेकवून ठेवलेला. सागवानी फळीवरचा गणपती सोंडेपर्यंत सुरेख उतरला होता, आणि तिथून खालचं सगळं अंग तीन मिलिमीटर बाजूला सरकलेलं. मशीन थांबलं नव्हतं, दिवा लागला नव्हता, स्क्रीनवर काही चूक दिसली नव्हती.

“त्याला कळतच नाही ना,” तिथले फिटरकाका म्हणाले. तीसेक वर्षं हात तेलात असलेला माणूस. स्टेपर मोटर एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते, एक पाऊल 1.8 अंशाचं. कंट्रोलर तेवढे पल्स मोजून पाठवतो आणि काम झालं असं धरून चालतो. साध्या यंत्रणेत उलट निरोप येतच नाही. मोटर आणि हत्यार सरकवणारा बॉल स्क्रू यांना जोडणारं कपलिंग घसरलं तर मोटर इमानदारीनं फिरते, स्क्रू मागे राहतो. या मशीनचा स्क्रू एका फेऱ्यात हत्यार 5 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे कपलिंग अर्ध्या फेऱ्याहून जास्त घसरलं होतं.

काकांनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. एका तोंडाला मोटरचा 6.35 मिलिमीटरचा शाफ्ट, दुसऱ्याला स्क्रूचं 10 मिलिमीटरचं टोक. मधे स्प्रिंगसारखी गोल चीर दिलेली. नखानं चाचपायला सांगितलं. चीर जिथे संपते तिथे केसाएवढी भेग लागली. शाफ्टवर कपलिंग आवळून धरणाऱ्या ग्रब स्क्रूनं खड्डा पाडला होता आणि खड्ड्याच्या कडेला धातू उचलून आलेला.

“कपलिंगचा दोष नाही यात,” ते म्हणाले. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंग प्रत्येक फेऱ्यात एकदा वाकतं आणि सरळ होतं. मिनिटाला 600 फेरे धरले तर तासाला 36 हजार वेळा, आठ तासांच्या पाळीत 2 लाख 88 हजार. पोलादाला ठरावीक मर्यादेखाली कितीही वेळा वाकवा, ते सहसा तग धरतं. ॲल्युमिनियमला तशी पक्की मर्यादा नाही. पुरेसे फेरे झाले की ते थकतंच. त्यात स्टेपरचे धक्के. मोटर एका विशिष्ट मंद वेगाला थरथरते, त्या वेगावर रेंगाळली की ग्रब स्क्रू हळूहळू सैल होतो. मग कुणीतरी तो आणखी आवळतो, खड्डा आणखी खोल जातो.

नवं कपलिंग त्यांनी क्लॅम्पवालं घेतलं. हे शाफ्टला चहूकडून मिठी मारतं, टोचत नाही. पण बसवण्याआधीचा अर्धा तास मी विसरणार नाही. कानशीनं शाफ्टवरचा उंचवटा उतरवला, तेल पुसून काढलं. डायल गेजचा स्टँड स्क्रूच्या टोकाला बांधला, गेजचं टोक मोटरच्या शाफ्टवर टेकवलं आणि स्क्रू हातानं पाव-पाव फेरा फिरवला. काटा 0.10 मिलिमीटर हलला. “म्हणजे सेंटर निम्म्यानं आऊट, 0.05.” मोटरच्या एका बाजूला पातळ शिम सरकवली, परत फिरवलं, परत सैल केलं. मशीनचा मालक दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

मला काळजी वाटते ती इथेच. अशी मशीनं आता गावोगावच्या सुतारांकडे पोचली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण डायल गेज सोबत येत नाही आणि तो लावायला कुणी शिकवत नाही. शाफ्ट आणि कपलिंगच्या भोकाचा मेळ बसला नाही की पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकतात. चोख बसवलेलं कपलिंगसुद्धा तपासावं लागतं, आणि मालकाला उद्या सकाळी दरवाजा पोचवायचा असतो. काही जण कंटाळून अख्खं घट्ट कपलिंग टाकतात. ते घसरत नाही, पण सगळा ताण मोटरच्या बेअरिंगवर जातो आणि महागाची मोटर जाते.

काकांचा तपासणीचा उपाय साधा आहे. कपलिंग आवळून झालं की मार्करनं एक रेघ मारायची, शाफ्टपासून कपलिंगवरून पलीकडच्या शाफ्टपर्यंत. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी घसरलं, पुढचा जॉब लावायचाच नाही.

“पण आमच्याकडे ती दिसणार कशी?” मालकानं विचारलं. भुसा आत जाऊ नये म्हणून त्या जागेवर पत्र्याचं झाकण असतं, चार स्क्रूंनी बंद. ते रोज कोण उघडणार?

काका काही बोलले नाहीत. मी निघालो तेव्हा झाकण व्हाइसमध्ये धरून ते त्याला रुपयाएवढं भोक पाडत होते, आणि बाजूला ॲक्रिलिकचा एक गोल तुकडा कापून ठेवलेला होता.