चौथ्या माणसाची जागा

राष्ट्रीय उत्पन्न कसे मोजावे, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक ठरावीक धडा आहे. वर्षभरात देशात ज्या वस्तू आणि सेवा निर्माण झाल्या त्यांचे पैशातील मूल्य म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न, ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात. या हिशेबाची पद्धत घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली असा इशारा देऊन ठेवला होता की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येत नाही. पुढे आकडा तेवढा सर्वांच्या ध्यानात राहिला आणि इशारा पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत जाऊन बसला.

वसईच्या वाडीतून भाजीची पाटी घेऊन स्टेशनात आलेली बाई खाली टेकलेली जड पाटी पुन्हा एकटीने डोक्यावर चढवू शकत नाही. शेजारून जाणाऱ्या कोणालाही ती म्हणते, ‘भाऊ, जरा हात लाव.’ तो हात लावतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. नाव विचारले जात नाही, आभार मानले जात नाहीत. या व्यवहाराला किंमत नाही, पावती नाही, करार नाही; म्हणून त्याची कोठे नोंदही नाही. परंतु तो हात लागला नसता तर पाटी बाजारात पोचली नसती, आणि बाजारात भाजीला जी किंमत आली तीही आली नसती. नोंदलेल्या व्यवहारांच्या खाली असे न नोंदलेले व्यवहार पायाच्या दगडांसारखे गाडलेले असतात. प्रस्तुत लेखाचा विषय ते दगड आहेत.

या विषयाच्या अभ्यासाला वसई-विरारइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हा दिवसाकाठी एकच गाडी होती. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती, आणि येथील फार मोठा वर्ग पोटापाण्यासाठी रोज साठेक किलोमीटरचा हा प्रवास करतो. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील बाक तिघांसाठी आहे. तरीही तिघे थोडे थोडे सरकतात आणि चौथ्याला टेकण्यापुरती जागा होते. हिलाच ‘चौथी सीट’ म्हणतात. ती रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. उभ्या असलेल्याची पिशवी बसलेला मांडीवर घेतो. अर्धा प्रवास संपला की बसलेला उठतो आणि उभ्याला बसवितो. गर्दीत घुसमटलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला वारा लागावा म्हणून दाराजवळच्या बाया वाट करून देतात. यांतील एकाही गोष्टीची कोणावर सक्ती नाही.

कोणी म्हणेल, यात परोपकार कसला? आज मी सरकलो, उद्या माझ्यासाठी कोणी सरकेल, हा तर शुद्ध हिशेब झाला. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. खाटीक आणि पाववाला आपल्याला जेवू घालतात ते उपकारबुद्धीने नव्हे, स्वहितासाठी, हे ॲडम स्मिथने १७७६ साली सांगितले आणि आमच्या शास्त्राची उभारणी त्या वाक्यावर झाली. मात्र त्याच स्मिथने सतरा वर्षे आधी, १७५९ साली, मानवी सहानुभूतीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि माणसाला दुसऱ्याच्या सुखदुःखात स्वभावतःच रस असतो, या विचारापासून त्याचा आरंभ केला होता, हे सांगण्याची तसदी आम्ही अध्यापक क्वचितच घेतो.

वस्तुतः परतफेडीचा हिशेब एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. आपल्या खेड्यांतील इर्जिक हा त्याचा उत्तम नमुना. दहा शेतकऱ्यांनी आपापली औते घेऊन एकाचे शेत नांगरावयाचे, त्याने सर्वांना जेवण घालावयाचे, आणि उद्या दुसऱ्याच्या शेतावर जावयाचे. तेथे सारे एकमेकांना ओळखतात आणि कोण आला, कोण आला नाही, हे गावाच्या ध्यानात असते. चौथ्या सीटवर बसणारा मात्र पुष्कळदा अनोळखी असतो आणि पुन्हा भेटेलच असे नाही. त्याच्यासाठी सरकणारा माणूस त्या माणसाला काही उसने देत नाही. असे सरकण्याची रीत चालू राहावी, म्हणून तो आपला वाटा भरतो. पैसा वापरला की सरतो. परस्परांवरील हा विश्वास न वापरला तर सरतो. म्हणून त्याला भांडवल म्हणावयाचे तर ते फार निराळ्या जातीचे भांडवल आहे.

या भांडवलाला तीन बाजूंनी धोका आहे.

पहिला धोका किमतीचा. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास पालक उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबावे लागे. काही पाळणाघरांनी उशिरासाठी दंड लावला. उशीर कमी होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात उशिरा येणाऱ्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली. तोवर पालकांना संकोच वाटत होता, कारण शिक्षिकेचे थांबणे हे तिचे सौजन्य होते. दंड लागताच ती एक विकाऊ सेवा ठरली. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: दंड रद्द केल्यावरही उशीर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. सौजन्याला एकदा भाव लावला की भाव काढून घेतल्याने सौजन्य परत येत नाही.

वसईकरांना हे समजावून घेण्यासाठी हैफाला जाण्याची गरज नाही. येथील वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर जगल्या. तहानलेल्या वाटसरूला विहिरीवर पाणी मागताना कोणी दर विचारीत नसे. पुढे इमारती वाढल्या आणि वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरांत भरून विकले जाऊ लागले. त्याविरुद्ध आणि हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. ती चळवळ पर्यावरणाची म्हणून ओळखली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला नाही म्हणू नये अशा वस्तूला बाजारात नेऊन उभे करावे काय, हा प्रश्नही तिच्या पोटात होता.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे, आणि तो सद्‌भावनेच्या स्तुतिपाठकांच्या सहसा लक्षात येत नाही. लोक एकमेकांना सांभाळून घेतात, हे एकदा व्यवस्थेच्या अंगवळणी पडले की ती आपले काम लोकांच्या चांगुलपणावर ढकलते. तिघांच्या बाकावर चौघे बसतात ही प्रवाशांची माणुसकी आहे. परंतु बाके अपुरी आहेत, ही नियोजनातील उणीव आहे. पहिलीचे कौतुक करताना दुसरीवर पांघरूण पडता कामा नये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्या चादरींची झोळी करून त्यांनी जखमींना उचलले. त्यांत अशीही माणसे होती की ज्यांच्या घरात जादा चादर नसेल. त्यांच्या माणुसकीला सीमा नव्हती. तथापि ‘मुंबईचे स्पिरिट’ या शब्दांत तिचा जयजयकार करून दुसऱ्या दिवशी सर्वांना त्याच गाडीत कोंबणे, हा त्या माणुसकीचा सन्मान नव्हे.

तिसरा धोका सर्वांत जुना आहे, तो ‘आपल्या’ माणसांपुरत्या चांगुलपणाचा. ज्या विरार गाडीत चौथ्या माणसाला जागा मिळते, त्याच गाडीत बोरिवलीला चढू पाहणाऱ्याला दारातच अडविले जाते, आणि गटाने बसणारे नियमित प्रवासी नवख्याला उठवितात, हेही तितकेच खरे आहे. या प्रवृत्तीचे टोक पाहावयाचे असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलेली १९०१ सालची हकीकत आठवावी. लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटावयास मसूर स्थानकावर उतरला. मुलांची जात कळताच बैलगाडीवाले भाडे घेण्यास तयार होईनात. दुप्पट भाडे देऊ केले तरी होईनात. अखेर एक जण तयार झाला तो दुप्पट भाडे घेऊन, शिवाय मुलांनी गाडी स्वतः हाकावी, या अटीवर. रात्री जवळ शिदोरी असून पाण्यावाचून त्या मुलांना उपाशी झोपावे लागले. मागणी होती, पुरवठा होता, किंमतही दुप्पट होती; तरी व्यवहार मोडला. बाजाराच्या खाली माणुसकीचा दगड नसेल तर बाजारही उभा राहत नाही, याचे याहून दारुण उदाहरण कोठे मिळेल?

म्हणूनच महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ती कृती घरगुती असूनही लहान नव्हती. आणि म्हणूनच, तशा हौदांची वाट पाहत न बसता, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्याने तहान भागत असेल, पण ओतणाऱ्याची उंचीही कायम राहते. जेथे हक्क आहे तेथे दया दाखविणे हा अपमान आहे. सौजन्याचा प्रांत हक्क संपतो तेथून पुढे सुरू होतो.

तर मग तो प्रांत नेमका कोणता? या लेखाचे बहुसंख्य वाचक शिक्षक, कारकून व विद्यार्थी असतील, असे धरून एक उदाहरण देतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जव्हार-मोखाड्याकडचा एखादा आदिवासी शेतमजूर दाखल्यासाठी एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी येतो. खिडकीवर त्याला सांगितले जाते, ‘एक कागद कमी आहे, उद्या या.’ तो कागद आणून तो पुन्हा येतो, तेव्हा दुसरा कागद कमी निघतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला आणि अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. ही मोठी गोष्ट आहे. परंतु पहिल्याच खेपेस चारही कागदांची नावे एका चिठ्ठीवर लिहून देणे आणि ते कोठे मिळतात हे सांगणे, ही गोष्ट बव्हंशी खिडकीमागच्या माणसाच्या मनावर अवलंबून राहते.

आता याचा हिशेब पाहा. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा खर्च दोन मिनिटे. ती न मिळणाऱ्याचा खर्च एका दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे, बाहेरचे खाणे आणि पुन्हा यावयाचे या विचाराने आलेली खिन्नता. देणाऱ्याला जे जवळजवळ फुकट आहे ते घेणाऱ्याला एका दिवसाच्या मिळकतीइतके मोलाचे आहे. खर्च आणि लाभ यांत एवढी तफावत असलेला व्यवहार आमच्या शास्त्रात शोधून सापडत नाही. ही तफावत किमतीने भरून काढू लागलो तर त्या किमतीचे नाव लाच होते, हे सांगावयास नको. ती सौजन्यानेच भरावी लागते.

शिक्षकाचेही तसेच आहे. पहिल्या तासाला रोज उशिरा येणारा विद्यार्थी पहाटे वर्तमानपत्रे टाकून येत असेल, तर ‘उशीर का झाला?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारावयाचा की तास संपल्यावर बाहेर, एवढाच निर्णय शिक्षकाच्या हाती असतो. त्याला पैसा लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही. त्या मुलाचे शिक्षण पुढे चालते की सुटते, हे कित्येकदा त्या निर्णयावर ठरते. आणि विद्यार्थ्यांविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, पैसे न देता मिळालेल्या गोष्टींची यादी त्यांनी एकदा करून पाहावी. ती त्यांच्या फीच्या पावतीपेक्षा लांब निघेल.

अशा लहान कृत्यांनी समाज बदलतो, असा माझा दावा नाही. रेल्वेचे डबे वाढावेत यासाठी मागणी करावी लागेल, पाण्यासाठी चळवळ करावी लागेल, हक्कांसाठी कायदे करावे लागतील आणि ते राबवून घ्यावे लागतील. परंतु ज्या समाजात कोणी कोणासाठी सरकत नाही, त्या समाजात मागणीसाठीही चार माणसे एकत्र येत नाहीत. एकमेकांसाठी सरकण्याची सवय आणि एकत्र उभे राहण्याची सवय या मुळात एकच आहेत. नवी शहरे वसविताना रस्ते, नळ आणि दिवे यांची तरतूद अंदाजपत्रकात करता येते. या सवयीची करता येत नाही. ती ज्याची त्याने, रोजच्या रोज, आपल्या खिडकीवर, वर्गात आणि बाकावर करावयाची असते.