अख्ख्या गावाला लॉटरी लागते तेव्हा

नेट-पेटची तयारी करणारे सगळेच 'नॅचरल एक्स्परिमेंट'ची व्याख्या पाठ करतात. पण स्वतःचा सिनॉप्सिस लिहायला बसलं की प्रश्न पडतो : असा प्रयोग सापडतो कुठे? आज एक उदाहरण बघू, स्पेनमधल्या नाताळच्या लॉटरीचं.

ही लॉटरी 1812 पासून चालत आली आहे. सोडत 22 डिसेंबरला निघते. आकडे 00000 ते 99999. गंमत अशी की एकाच आकड्याची अनेक तिकिटं छापतात आणि प्रत्येक तिकिटाचे दहा भाग करतात. या भागाला 'देसिमो' म्हणतात. किंमत 20 युरो. पहिलं बक्षीस लागलं तर एका देसिमोवर कर कापण्याआधी 4 लाख युरो मिळतात. ऑफिसं, क्लब, गावातली मंडळं त्याचेही छोटे हिस्से पाडून विकतात. म्हणजे 2 युरो घालणाऱ्याच्या वाट्याला 40 हजार. 2011 साली उएस्का प्रांतातल्या सोदेतो या छोट्याशा गावात तिथल्या महिला मंडळाने असेच हिस्से विकले होते. त्या आकड्याला पहिलं बक्षीस लागलं आणि जवळजवळ प्रत्येक घरात पैसे आले.

आता थोडं गणित. विक्रीतले 70 टक्के बक्षिसांना जातात, म्हणजे 20 युरोंमागे सरासरी 14 परत. वाटून घेतल्याने ही सरासरी बदलत नाही. दहा जणांनी मिळून दहा वेगवेगळे आकडे घेतले तर पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता दसपट होते आणि प्रत्येकाचा वाटा एक दशांश. पण दहाही जणांनी एकच आकडा घेतला तर? शक्यता लाखात एकच राहते. फक्त लागली तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. तरी लोक तोच आकडा घेतात, कारण सगळ्या ऑफिसला लागली आणि आपण तेवढे राहिलो, ही भीती मोठी असते.

नेमकी हीच सवय संशोधकांच्या कामी आली. अर्थव्यवस्था चांगली असली की सत्ताधाऱ्यांना जास्त मतं मिळतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण ती मतं चांगल्या कामाची पावती, की लोक खुशीत असल्याचा परिणाम? मानुएल बागेस आणि बेर्ता एस्तेवे-वोलार्त यांनी यासाठी लॉटरीचा आधार घेतला. त्यांचा पेपर 2016 मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आला. कोणत्या प्रांतात बक्षीस लागलं यात सरकारचं काहीच कर्तृत्व नसतं. आणि पैसा हजारो लोकांत वाटला गेल्यामुळे परिणाम प्रांताच्या मतदानात दिसू शकतो. तोच पैसा एकट्यादुकट्याला मिळाला असता तर प्रांताच्या आकडेवारीत काय दिसणार?

इथे एक खाचखळगा आहे. 'जिंकलेले प्रांत' आणि 'न जिंकलेले प्रांत' अशी सरळ तुलना चालणार नाही. जिथे तिकिटं जास्त खपतात तिथे बक्षिसंही जास्त लागणार, आणि जास्त तिकिटं घेणारे प्रांत मुळातच वेगळे असू शकतात. म्हणून प्रांताने तिकिटांवर किती खर्च केला हे आधी हिशेबात धरावं लागतं. सारख्याच खर्चानंतर बक्षिसात जो फरक उरतो, तो निव्वळ नशिबाचा.

निष्कर्ष काय? जिंकलेल्या प्रांतांत सत्ताधारी पक्षाला लक्षणीय जास्त मतं मिळाली. पण कारणाबाबत लेखक सावध आहेत : खुशीतला मतदार सत्ताधाऱ्यांशी नरमाईने वागत असेल, किंवा 'आहे ते बरं चाललंय' असं त्याला वाटत असेल. दोन्ही अर्थ या पुराव्यात बसतात.

तुमच्या विषयासाठी यातून दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझ्या डेटात नशीब नेमकं कुठे शिरतं? आणि त्याच्या आधीची कोणती पायरी लोकांनी स्वतः निवडलेली आहे? दुसऱ्याचं उत्तर नसेल, तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल.