पिसवा मांजरावर कमी, घरातच जास्त

वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपलं की आम्ही आरोग्याची विचारपूस करतो. यंदा कोळसेवाडीपासून वागळे इस्टेटपर्यंत एकच तक्रार ऐकू आली. पोरांच्या घोट्यापाशी लाल पुरळ, रात्रभर खाज. घरचे म्हणतात उष्णता झाली. आम्ही आधी विचारतो, घरात मांजर-कुत्रं आहे का?

खात्री घरीच करता येते. मांजराच्या शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, प्यायलेल्या रक्ताची. (गोचीड वेगळी. ती चिकटून बसते, पिसू उडी मारते.)

मग मांजराला आंघोळ घातली जाते आणि आठ दिवसांत पिसवा परत येतात. कारण पिसवेची मादी दिवसाला 40-50 अंडी घालते. ती केसांतून गळून गोधडीत, फरशीच्या फटीत, कॉटखाली पडतात. अळीचा कोश होतो. त्या कोशावर फवारणी सहसा चालत नाही आणि तो महिनोन्‌महिने तसाच थांबू शकतो. पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की पिसू बाहेर. गावाहून परतून बंद घरात पाय टाकताच पिसवा तुटून पडतात त्या यामुळेच. म्हणून अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, फटी-कोपरे रोज झाडा, झाडलेला कचरा साबणाच्या पाण्यात टाका. हे दोन-तीन महिने करावं लागतं.

औषध पशुवैद्यकाला विचारूनच. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. फिनेल, शेतीचं कीटकनाशक, रॉकेल अंगाला नकोच. रॉकेल चोळलेली एक मांजर आम्ही पाहिली. अंग चाटून चाटून दोन दिवसांत गेली बिचारी.

लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर पोटात चपटे जंत होऊ शकतात. शौचात तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

"तुमची वस्तीच घाण" हे मात्र ऐकून घेऊ नका. टॉवरमधल्या फ्लॅटातही पिसवा होतात. कचरा उचलला जात नसेल, उंदीर वाढले असतील, तर पालिकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

उंदरांचं वेगळं सांगायला हवं. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई 10 मार्च 1897 रोजी गेल्या. हा रोग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे तेव्हा डॉक्टरांनाही उमगलं नव्हतं. पुढच्या वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत ते दाखवलं. मांजराच्या पिसवांनी लगेच प्लेग होईल असं नाही, घाबरू नका. पण उंदीर मेला की त्याच्या पिसवा नवं अंग शोधतात. मेलेला उंदीर हाताने उचलू नका. पुष्कळ उंदीर एकाएकी मरू लागले तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात कळवा. चाव्यांनंतर ताप आला, जांघेत किंवा काखेत गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पिसवा चावल्याचं आपणहून सांगा.